शेवटी कुणी मरत नाही ना?

वाचनालयात कादंबरी न्यायला येणारी माणसं साधारण दोन गोष्टी विचारतात. नवीन काय आलंय, आणि पानं सगळी जागेवर आहेत का. आमचे शेजारी मुकुंदराव तिसरंच विचारायचे. टेबलाजवळ यायचे, मागं कुणी नाही ना बघायचे, आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "कुसुमताई, शेवटी कुणी मरत नाही ना?"

ही शेवगावातली गोष्ट, दुष्काळाच्या वर्षांतली. मी तेव्हा गावच्या वाचनालयात पुस्तकं द्याय-घ्यायला बसत असे. मुकुंदराव बाजार समितीत कारकून. माझं डोकं लवकर तापतं हे गावाला ठाऊक होतं, तरी हा माणूस न चुकता तोच प्रश्न घेऊन यायचा. मी एकदा चिडून म्हटलं, अहो, ते कळायला पुस्तक वाचावं लागतं. तर म्हणाले, "वाचून झाल्यावर कळून काय उपयोग? आधी सांगून टाका."

'आधी सांगून टाका' हा त्यांचा जप होता. हॉटेलात मिसळ तिखट आहे का, आधी सांगून टाका. एस.टी.त बसण्यापूर्वी कंडक्टरला, ब्रेक धड आहेत ना, आधी सांगून टाका. एकदा तर कीर्तन रंगात आलेलं असताना हे उठून बुवांच्या कानाशी गेले आणि भक्ताला देव शेवटी भेटतो ना, ते विचारून आले. बुवांनी मान डोलावली तेव्हा कुठं यांनी मांडी घातली. तारवाला गल्लीत शिरला की मुकुंदराव दुसऱ्या गल्लीनं घरी यायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण यांच्यामागं लागायला ब्रह्मराक्षसालासुद्धा लाज वाटली असती.

तर मी आपली शेवटची पानं चाळून सांगायची. कुणी मरत असलं की त्यांचा चेहरा पडायचा. मग कशानं मरतं, कितव्या पानावर, मरताना कोण जवळ असतं, अशी चौकशी चालायची. आणि एवढं सगळं ऐकून ते पुस्तक घेऊनच जायचे! याचा अर्थ मला काही केल्या लागत नसे.

त्यांचं दुसरं वेड पाखरांचं. लहानपणी आठवडेबाजारात एका घारीनं त्यांच्या हातातली जिलबी उचलून नेली होती. जाताना बोटाला ओरखडा काढून गेली. तेव्हापासून त्यांचा आभाळावर विश्वास म्हणून नव्हता. पण पाखरं बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. म्हणून सकाळी फिरायला जाताना उन्हा-पावसाचा संबंध नसताना छत्री उघडी असायची, आणि त्या छत्रीला दोन भोकं. एका फौजीकडून घेतलेली दुर्बीण त्या भोकांना लावून हे माळावरची पाखरं बघायचे. भोकं पुढं फाटू नयेत म्हणून त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, काळ्या दोऱ्यानं त्यांना सदऱ्यासारखी काजं करून दिली होती. माळावरच्या पोरी ती छत्री दिसली की गुरं सोडून हसायला लागायच्या.

घरी आले की त्यांचं पुढचं काम सुरू व्हायचं. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत होती, त्यामुळं सगळं ऐकू यायचं. वहिनींच्या कॉटशेजारी बसून हे पाखरांचे आवाज काढून दाखवायचे. आज होला भेटला, असा बोलला. आज टिटवी फार रागात होती. वहिनी हसायच्या, आणि हसता हसता कण्हायच्या.

वहिनींच्या पोटात गाठ होती. वर्षभर त्या अंथरूण धरून होत्या. कोपरगावची मुलगी, गोदावरीच्या काठावर वाढलेली, वाचायची भारी हौस. पण आता पुस्तक हातात पेलवत नसे, म्हणून मुकुंदराव संध्याकाळी वाचून दाखवायचे.

एक दिवस मी त्यांच्यासाठी ताक घेऊन गेले. वहिनी खुशीत होत्या. म्हणाल्या, कालची कादंबरी काय सुरेख संपली हो! त्या मुलीनं विहिरीत उडी टाकली तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं, पण बैलांना पाणी पाजायला आलेल्या माणसानं दोर टाकून तिला वर काढलं, आणि पुढं लग्नसुद्धा झालं.

मी ताकाचा तांब्या हातात धरून उभीच. ती कादंबरी मी वाचली होती. ती मुलगी विहिरीत बुडून मरते, तिथंच पुस्तक संपतं. दोर नाही, बैल नाहीत, लग्न तर नाहीच नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात समोर लक्ष गेलं. दाराआड मुकुंदराव उभे होते आणि दोन्ही हात जोडून मला गप्प राहायला सांगत होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुणी मरतंय का हे त्यांना आधी कळायला हवं होतं, कारण त्याला वाचवायची तजवीज करावी लागायची! बिचारे दिवसभर कचेरीत बसून दोर कुठून आणायचा याचा विचार करत असतील. मला हसू आलं, आणि मी ताकाचा तांब्या वहिनींच्या उशाशी ठेवला.

गंमत तिथंच संपली. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ वाढतेय, उन्हाळ्याच्या आत नगरला नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर हातातली वेळ जाईल. मुकुंदरावांनी त्यांनाही विचारलंच, "शेवट काय होईल, आधी सांगून टाका." डॉक्टर वैतागले. मी ज्योतिषी नाही म्हणाले.

झालं. ज्याचा शेवट कुणी आधी सांगायला तयार नाही, त्याला मुकुंदराव हात कसा लावणार? आधी म्हणाले पौष आहे. पौष गेला तर म्हणाले, शिवरात्र होऊ दे. मग नगरच्या दवाखान्यात पाणी नाही म्हणे, अशी बातमी कुठूनशी आणली. इकडं वहिनींचं कण्हणं भिंतीतून रोज थोडं जास्त ऐकू यायला लागलं. मी कान देऊन बसायची. आवाज आला तरी भीती, थांबला तर त्याहून जास्त भीती. मुकुंदरावांना हसणारी मी, पण तेव्हा मलाही कुणीतरी आधी सांगून टाकावं असं वाटायचं.

शेवटी मीच वहिनींकडे गेले. मुकुंदराव माळावर गेले होते. म्हटलं, वहिनी, हे असंच करत बसतील, तुम्हीच आता जोर धरा. वहिनींनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाल्या, "ती विहिरीतली मुलगी मरते, हे मला माहीत आहे. लग्नाआधी माहेरी वाचली होती मी ती कादंबरी."

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत?

"घामाघूम होऊन वर काढली हो त्यांनी तिला. परत कशी ढकलू? मला माझ्या शेवटाचं भय नाही, कुसुमताई. पण मी नसले तर यांना आधी सांगणारं कोण आहे?"

 मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

त्याच संध्याकाळी वहिनींनी नवऱ्याला ठणकावलं. नगरला जायचं. पण दोन अटी. पहिली, पाखरं बघताना तुम्ही रोज जिच्याखाली थांबता ती काटेसावर जाण्याआधी मला फुललेली बघायची आहे. दुसरी, या वेळी शेवट कुणालाच विचारायचा नाही, डॉक्टरांना नाही आणि कुसुमताईंनाही नाही. वाचनालयातून एक नवी कादंबरी आणली होती, ती अर्धी झाली होती, आणि या धांदलीत तिचा शेवट मला विचारायचा त्यांच्याकडून राहून गेला होता. वहिनी म्हणाल्या, उरलेली आल्यावर.

ओढ्याकाठी ती काटेसावर होती. दुष्काळानं सगळा माळ करपला होता. आणि ही बया अंगावर एक पान नसताना लालभडक फुलून उभी. आम्ही बैलगाडीत गादी घालून वहिनींना नेलं. मुकुंदरावांना बैलांचंही भय, त्यामुळं ते छत्री उघडून गाडीच्या बरेच मागून चालत होते. गाडीवान म्हणाला, "वैनी, घट धरून बसा. बैल गरीब हायेत, मालक उगाच भित्यात." वहिनी म्हणाल्या, तो माणूस झाडाच्या पानालाही भितो, म्हणून तर बिनपानाचं झाड शोधलंय त्यानं.

झाडाखाली पोचलो आणि भोरड्यांचा थवा आला. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या त्या शेकडो भोरड्या एकदम फुलांवर कोसळल्या. असा कालवा झाला की मुकुंदराव छत्री घेऊन गाडीखाली शिरले. वहिनी पोट दाबून हसत राहिल्या. थोड्या वेळानं ते बाहेर आले, छत्री वहिनींच्या डोक्यावर धरली आणि दुर्बीण भोकांना लावून दिली. स्वतः मात्र उघड्या आभाळाखाली उभे राहिले. वर एक घार फिरत होती. त्यांनी ती पाहिली, कारण मोकळा हात त्यांनी पटकन खिशात लपवला. पण ते हलले नाहीत.

नगरच्या दवाखान्यात मी बरोबर होते. वहिनींना आत नेलं तेव्हा मुकुंदरावांनी डॉक्टरांसमोर तोंड उघडलं, मिटलं. अट आठवली असणार. आम्ही आवारातल्या कडुलिंबाखाली बसलो. त्यांनी पिशवीतून ती अर्धी कादंबरी काढली. मी म्हटलं, शेवट सांगू का? त्यांनी जोरात मान हलवली आणि वाचायला लागले. ओठ हलत होते.  मला त्या पुस्तकाचा शेवट माहीत होता, आणि असं वाटत होतं की ते पुस्तक त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावं. शेवटचं पान वाचून झालं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. पुस्तकही मिटलं. 

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, ठीक झालं. मुकुंदरावांचा विश्वास बसेना. रात्रभर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून होते.

सकाळी आम्हाला आत सोडलं, त्यांच्या उघड्या छत्रीसकट. वहिनी पांढऱ्या पडल्या होत्या, ओठ सुकले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, नवऱ्याकडे बघितलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "अहो, पुस्तकाचं काय झालं?"

मुकुंदरावांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता दोर येणार, बैल येणार, लग्न लागणार. त्यांनी कॉटचा दांडा घट्ट धरला.

"शेवटी ती मरते, अगं."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच हसल्या. "खरं सांगितलंत? म्हणजे मला आता काही होत नाही."

मुकुंदराव खाली फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मला काय करावं सुचेना, मी त्यांची छत्रीच मिटून कोपऱ्यात ठेवली. रडणं आवरल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि आता एकदा सुरुवात झालीच आहे तर सगळंच कबूल करून टाकावं असं त्यांना वाटलं असावं. म्हणाले, "ती विहिरीतली होती ना, तिचं पण..."

वहिनींनी डोळे मिटूनच हात वर केला.

"तिला राहू द्या वरच," त्या म्हणाल्या.