सुखदेव वॉलमनची खात्री

पाण्याचा वॉल नीट बंद झाला की नाही हे पाहायचं असेल, तर तो थोडा उघडून पुन्हा बंद करावा, असं मानणारा एक माणूस आमच्या गावात आहे आणि गावाचं सगळं पाणी त्याच्याच हातात आहे. सुखदेव तायडे, ग्रामपंचायतीचे वॉलमन. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात खाकी सदरा, खांद्यावर वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी.

आमचं गाव चिखलीहून जीपने अर्ध्या तासावर. नळ चार दिवसांआड. पाण्याची वेळ संपली की सुखदेवभाऊ आमच्या खिडकीसमोरचा वॉल बंद करतात, दहा पावलं जातात आणि थबकतात. "एकबार पाह्यतो," असं स्वतःलाच सांगून परत येतात, उघडतात, बंद करतात. असं एकूण तीनदा. तेवढ्यात नळाला धार येते-जाते आणि घरटी दोन बादल्या जास्तीच्या भरतात. त्यामुळे या सवयीबद्दल गल्लीत कुणी कधी ब्रही काढला नाही.

घरच्या माणसांचे मात्र हाल. मुलीच्या लग्नाला नांदुऱ्याला निघालेली गाडी त्यांनी घराचं कुलूप पाहायला दोनदा मागे फिरवली. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ड्रायव्हर खाली उतरला आणि झाडाखाली जाऊन बसला. त्याची समजूत घालण्यात नवरीचा मामा, म्हणजे सगळ्यांत रागीट माणूस, कामी आला. मी एकदा भाऊंना विचारलं, की तीनदाच का? ते अगदी शांतपणे म्हणाले, "पह्यली खात्री कच्ची राह्यते, सर. दुसरी अर्धी पिकते. तिसरी खाता येते."

मग कोरोना आला आणि अख्खं गाव सुखदेवभाऊ झालं. रिटायर झालेले तलाठी दर तासाला कांदा हुंगून वास येतो का ते पाहू लागले, आणि कांद्याचा वास आला तरी नाक दगा देत असेल म्हणून लसूण मागवू लागले. मी, शाळेत पोरांना विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने, बिस्किटाचा पुडा साबणाने धुतला आणि तो धुतला की नाही या शंकेने परत धुतला. गावात शांत असे एकटे सुखदेवभाऊच. घरात सगळे कोंडलेले, त्यामुळे कुलूप लावायचंच नाही. "आता समजलं ना सर, मले कसं होत असते थे?" ते दुरूनच हसून म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी आणखी दोनदा विचारलं, मी आणखी दोनदा हो म्हटलं.

दुसऱ्या लाटेत कोरोना आमच्या घरात शिरला. मी आणि बायको तापाने मधल्या खोलीत पडलो होतो. आई पुढच्या खोलीत, खिडकीशी. तिला ताप कमी, तोंड मात्र नेहमीसारखं चालू, म्हणून आम्ही तिच्या बाबतीत निर्धास्त होतो. गल्लीतली माणसं आमचं घर आलं की रस्त्याची बाजू बदलत. सुखदेवभाऊ बदलत नव्हते. वॉल बंद केला की खिडकीपासून चार हात लांब उभं राहून ते हाक मारायचे, "मावशी, बऱ्या हाय ना?" आई म्हणायची, "हाव बाप्पा, बरी हाय." मग दहा पावलं. परत तेच. वॉलचा नेम त्यांनी आईलाही लावला होता.

त्या दिवशी सकाळी मी डोक्यावर चादर ओढून ऐकत होतो. पहिल्या हाकेला आई म्हणाली, "हाव बाप्पा." दुसऱ्या हाकेला नुसतं, "हाव." तिसऱ्या हाकेला मी मनातल्या मनात म्हणालो, या माणसाला काही कामधंदा नाही. आईचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, कंटाळली असेल. खरं सांगतो, मी कूस बदलली.

सुखदेवभाऊंनी लोखंडी चावीने खिडकीचे गज असे बडवले, की तापातही मी उठून धावलो. आई बसल्या जागी कलंडली होती. बोटाला लावायच्या यंत्राने ऑक्सिजनचा ऐंशीच्या खालचा आकडा दाखवला. दोन तासांत बुलढाण्याला खाट मिळाली आणि सोळाव्या दिवशी आई घरी आली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कूस बदलल्याची मला लाज वाटली, अजूनही वाटते.

गावाने शाल, नारळ देऊन भाऊंचा सत्कार केला. तिथेच आम्ही सगळे चुकलो. आम्ही टाळ्या वाजवल्या त्या त्यांच्या दुखण्याला. त्यांना हिशेब वेगळाच दिसत होता. "सर, मावशी दोनदा हाव म्हणल्या होत्या. म्हंजे दोनदा इचारून काहीच समजत नाही. तीनदाचा तरी काय भरोसा?" तीनाचे सात झाले, साताचे पंधरा. एका वॉलपाशी तास जाऊ लागला. खालच्या वस्तीला पाणी पोचेना. सरपंचांनी दुसरा माणूस बघायची भाषा सुरू केली. भाऊंच्या बायकोने एक दिवस माझ्यासमोर डोळ्याला पदर लावला. "रातभर उत्तर देऊन देऊन माह्यं तोंड दुखते, सर."

मी त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी या आजाराला नाव असतं हे सांगितलं, गोळ्या दिल्या आणि एक नियम घालून दिला. भाऊंनी एकदाच विचारायचं. चुकून दुसऱ्यांदा विचारलं, तर समोरच्याने उत्तर द्यायचं नाही.

आईने नियम धुडकावला. "तो डॉक्टर येडा हाय. ज्याच्या तिसऱ्या हाकेनं मी वाचली, त्याले मी मुक्यावानी पाहू काय?" आणि ते विचारतील तितक्यांदा ती उत्तर देत राहिली.

शेवटी सुखदेवभाऊ स्वतः घरात आले, पहिल्यांदाच, आणि आईसमोर खाली बसले.

"मावशी, तुम्ही बोलता ना, म्हणून मी वापस येतो. नोका बोलू. मले बरं व्हायचं हाय."

आईने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी नळाची पाळी होती. वॉल बंद झाल्याचा आवाज आला.

"मावशी, बऱ्या हाय ना?"

"हाव बाप्पा, बरी हाय."

दहा पावलं. थांबले. परत आले.

"मावशी?"

आईने पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तिचा हात धरला. खिडकीबाहेर सुखदेवभाऊ उभे होते, चावी दोन्ही हातांनी घट्ट धरून, घामाने डबडबलेले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग ते वळले आणि चालू लागले. दहा पावलांवर थबकले, पण मागे पाहिलं नाही. पुढे गेले.

ते खालच्या वस्तीकडे वळून दिसेनासे झाले, तेव्हा आईने तोंडावरचा पदर काढला आणि त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "हाव बाप्पा, हाय मी."