कारण क्रमांक तीन

कोल्हापुरातील एका कार्यालयाने १९९६ साली लॅपटॉप खरेदी केला. मांडीवर घेऊन वापरण्याचे हे यंत्र २००३ उजाडले तरी कोणाच्याही मांडीवर बसले नव्हते. त्याला स्वतंत्र टेबल होते, मखमली आच्छादन होते आणि दर खंडेनवमीला त्याची यथासांग पूजा होत असे.

रहिवासी दाखल्यांची सर्व माहिती त्याच्याच पोटात होती. दाखला फ्लॉपीवर उतरवायचा, ती फ्लॉपी पलीकडच्या खोलीत न्यायची आणि तेथे छापायचा, अशी कार्यपद्धती होती. जुलैतल्या एका सोमवारी फ्लॉपी आत गेली आणि बाहेर आलीच नाही.

खिडकीशी पेठ वडगावची साक्षी आणि तिची आजी पारूबाई उभ्या होत्या. साक्षीला अभियांत्रिकीच्या संगणक शाखेत जागा मिळाली होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कॉलेजात दाखला दिला नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

"हातानं लिवून द्या की," पारूबाई म्हणाली.

"आजी, कार्यालय संगणकीकृत झालंय," मुख्य लिपिक सयाजीराव उत्तरले. "आता हातानं लिवायला बंदी हाय."

दुरुस्तीला गोमटेश आला. त्याने फ्लॉपी ड्राइव्ह काढून उलटा धरला. टेबलावर हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूची एक पाकळी पडली.

"ह्यो गेला, साहेब. नवा पायजे. हार्ड डिस्कबी घरघरायला लागल्या. तीबी बदलूया, माहिती उतरून घेतो."

"बिघाडाचं कारण?"

"कुंकू."

"पूजेनं यंत्र बिघडलं, असं सरकारी कागदावर लिवू? खुळा हायस काय?"

विहित नमुन्यात कारणे तीनच होती: पूर, वीज, उंदीर. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असल्याने पूर नाकारला गेला. वीज त्या वेळी नव्हतीच. सर्वानुमते उंदीर मंजूर झाला.

वरिष्ठांचा शेरा आला, 'उंदीर पंचनाम्यासाठी हजर करावा.' मात्र कार्यालय उंदीरमुक्त झाल्याचा अहवाल गेल्याच वर्षी गेला होता. त्यामुळे एकाही उंदरास सापडण्याची मुभा नव्हती.

"भायेरचा चालंल काय?" पारूबाईने विचारले. "आमच्यात तोटा न्हाय. आणतो की."

गुरुवारी ती साक्षीसह पहिल्या एस.टी.ने पिंजरा घेऊन आली. कंडक्टरने उंदराचे तिकीट मागितले नाही. तेवढी एक यंत्रणा त्या आठवड्यात ढिली निघाली. पंचनामा झाला. उंदीर बाहेरचा ठरू नये म्हणून सयाजीरावांनी तो येथील कायम रहिवासी असल्याचा दाखला सुवाच्य अक्षरात लिहून शिक्का मारला.

साक्षी बघतच राहिली. "काका, उंदराला हातानं लिवलेला चालतोय?"

"त्यो संगणकात न्हाय, पोरी. तू हायस."

शुक्रवारी सकाळी गोमटेशने दोन्ही भाग बसवले आणि दुपारी साक्षीचा दाखला छापून निघाला. पारूबाईने तो कपाळाला लावला. सयाजीरावांनी कपाटातून पूजेचे ताट काढले.

"आजी, लांबनं!" साक्षी ओरडली.

"गप गं, येवढं दिलंय त्येनं," म्हणत पारूबाईने कुंकवाचे बोट नेमके नव्या ड्राइव्हच्या तोंडात टेकवले. भावी संगणक अभियंत्याने हात जोडले.

हसू आले असल्यास वाचकांनी आधी आपापला संगणक उलटा करून पाहावा. काही सांडलेच, तर कारण क्रमांक तीन लिहावे. उंदीर कार्यालयातच आहे. मागणी केल्यास मिळेल.