करड्या केबलचे दुसरे टोक

सर्व्हरच्या खोलीतील जमिनीची एक फरशी उचलून आराखडेकाका गुडघ्यांवर बसले होते आणि एका करड्या केबलकडे, यजमानाने अनोळखी पाहुण्याकडे पाहावे तसे पाहत होते. आराखडे हे त्यांचे आडनाव नव्हे. घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या त्या कंपनीत कोणती केबल कोठून निघते आणि कोठे पोहोचते, याचा संपूर्ण आराखडा निवृत्तीपूर्वी पुरा करायचा त्यांनी ध्यास घेतला होता; म्हणून ते नाव पडले. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लागल्या होत्या. ही करडी तेवढी जमिनीखालच्या गुंत्यात शिरून नाहीशी होई आणि आराखड्यावर तिच्यापुढे प्रश्नचिन्ह उरले होते.

“काढून बघा की,” त्यांच्या हाताखालच्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. “ज्याचं जळेल तो बोंबलेल.”

“ही काय पद्धत झाली?”

“मग राहू दे. तुमच्यानंतर येणारा बघेल.”

बाण वर्मी लागला. तरीही काकांनी बोंबलण्याची रीतसर सोय केली. ‘कोणाचे काही बंद पडल्यास तक्रार क्रमांकावर फोन करावा,’ असा निरोप सर्व विभागांना धाडला आणि मगच केबल उपटली.

कोणीही बोंबलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. या केबलबद्दलच काय, कशाहीबद्दल तक्रार येईना. साहेब भारावून म्हणाले, “काका, तुम्ही तारांना शिस्त लावलीत आणि गिऱ्हाइकं सुखी झाली.” तक्रार विभागातल्या दोघीजणी निवांत लोकर विणत बसल्या. तक्रारी येत नाहीत, ही तक्रार कोण करणार? काकांनी केबलपुढे ‘निरुपयोगी’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले.

आठवडा सरत आला तेव्हा रात्री जेवताना पत्नी म्हणाली, “आज वन्संकडे गेले होते. त्यांच्या राउटरचा दिवाच लागत नाही, सोमवारपासून इंटरनेट बंद आहे.”

“अक्काचं? मग बोलली नाही ती?”

“तुम्हीच ना त्यांना सुनावलं होतं, नात्यात काम आणू नकोस, सगळ्यांसारखा तक्रार क्रमांकावर फोन कर? रोज करतायत बिचाऱ्या. तिकडे घंटाच वाजत नाही म्हणतात.”

 करड्या केबलचे दुसरे टोक काकांना ताटातच दिसले.

“आणि त्यांचा नातू चालायला लागला,” पत्नी सावकाश म्हणाली. “परदेशातून लेकानं दाखवायचं ठरवलं होतं. वन्सं नवी साडी नेसून पडद्यासमोर बसल्या होत्या. पडदा काळाच.”

सकाळी काकांनी केबल जोडली. तक्रार विभागातला फोन जो खणखणू लागला तो थांबेचना. लोकरीचे गुंडे टेबलाखाली घरंगळले. साहेब धावत आले. काकांनी सारे खरेखरे सांगितले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे ही तार लावली की तक्रारी येतात. मग लावली कशाला?”

काकांनी चिठ्ठीवर ‘तक्रार विभाग’ लिहिले, आराखड्यावरचे ‘निरुपयोगी’ खोडले. आराखडा पूर्ण झाला. आनंद मात्र तसूभरही झाला नाही.

नवा राउटर घेऊन ते तडक अक्काकडे गेले. ती नुसते “ये” म्हणाली. त्यांनी मुकाट्याने जोडणी केली आणि भाच्याला फोन लावला. पडद्यावर नातू दिसला. आता तो चालत नव्हता, पळत होता.

“अरे, त्याला जरा हळू चालायला सांग,” काका अजिजीने म्हणाले. “अडखळत, पहिल्यासारखं.”

“मामा, तो आता ऐकतोय होय?”

तेवढ्यात पोरगे पडद्याच्या एका कडेने बाहेर पळाले. रिकाम्या गालिच्याकडे दोघे बहीणभाऊ बघत राहिले.

“अक्का, चुकलं माझं.”

अक्का चष्मा पुसत म्हणाली, “त्याच्या दाढा यायच्यात अजून. तेवढ्या तरी मला दिसू देत.”