अण्णांची होडी बघायला आलेली माणसं

होडी विकत घ्यायला आलेल्या पहिल्या माणसाला आमच्या अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "दारू पिता काय?"

माणूस गडबडला. हायवेवर त्याचा ढाबा होता. अंगणात होडी ठेवायची, तिच्यात टेबल टाकायचं आणि गिऱ्हाइकांना जेवायला बसवायचं, असा त्याचा बेत होता. "कधीतरी," तो म्हणाला.

"कधीतरी म्हंजे? पान्यावर का जमिनीवर?"

"अहो, मला होडी पाण्यात घालायचीच नाही."

अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने लग्न करून मुलीला माळ्यावर ठेवायचं ठरवलंय. "पोहे घ्या," ते म्हणाले आणि उठून वर गेले. मला जिन्यावरूनच सांगितलं, "धागा तुटला."

अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. वय सदुसष्ट, लग्न केलेलं नाही. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात आम्ही खाली राहतो, ते वरच्या खोलीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेल-चादरींच्या कारखान्यात, चौतीस वर्षं जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा माणूस. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण जगाकडे ते अजून माग म्हणूनच बघतात. धागा तुटला की माग थांबवायचा, हा त्यांचा नियम. बोलताना समोरच्याचं एखादं वाक्य पटलं नाही की तिथेच गप्प बसतात. मग आपण काहीही विचारा, उत्तर एकच: "तसं न्हवं ते." मग कसं, हे सांगत नाहीत.

होडी त्यांनी निवृत्त झाल्याच्या वर्षी घेतली. एका बागेतल्या तळ्यावरचं नौकाविहार बंद पडलं, तिथली ही सहा माणसांची फायबरची होडी, समोरासमोर दोन बाकं असलेली. कुणाला काही न विचारता घेतली आणि टेम्पोत घालून उजनीच्या काठावरच्या एका गावात, भानुदास नावाच्या मच्छीमाराच्या अंगणात नेऊन ठेवली. मग घरी येऊन जाहीर केलं, "आपली होडी हाय."

आता उजनीचं पाणी आणि मुलांच्या शाळा यांचं कधी पटलं नाही. मे महिन्यात मुलांना सुट्टी, तेव्हा धरणाचं पाणी इतकं मागे सरकलेलं असायचं की होडी ट्रॅक्टरवर टाकून न्यावी लागली असती. पाणी अंगणाजवळ यायचं, तेव्हा परीक्षा सुरू. राहता राहिली दिवाळी. तेव्हा घरात पाहुणे, फराळ, भाऊबीज. एवढ्यातून नऊ वर्षांत आम्ही सहा वेळा होडीत बसलो. भानुदास वल्ही मारायचा, आम्ही शेंगदाणे खायचो. मुलांनी पक्षी बघितले, अण्णांनी माझ्या मोबाइलवर फोटो काढले, संपलं. आता मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि मुलगी हैदराबादला. गेल्या दोन दिवाळ्यांत होडीचं नावही कुणी काढलं नव्हतं.

अण्णा मात्र महिन्यातून एकदा एसटीने जाऊन तिची देखभाल करत. वल्ह्यांना तेल लावत, कडा पुसत. उन्हाळ्यात तिला ऊन लागतं म्हणून उलटी करून वर कारखान्यातल्या, कडेला वीण चुकलेल्या चादरी पांघरत. एका वर्षी हिरवी चादर होती. बाहेरगावचा एक म्हातारा वाटेने जाताना थांबला, डोकं टेकलं आणि उदबत्ती लावून गेला. पुढच्या आठवड्यात तिथे नारळ सापडला. भानुदासच्या बायकोने घाबरून फोन केला. अण्णांनी शांतपणे विचारलं, "नारळ चांगला हाय का?" पण पुढच्या खेपेला चादर बदलून चौकड्याची घातली.

विकायचा विषय मी काढला. मी शाळेच्या कार्यालयात काम करते. न वापरलेली वस्तू दोन वर्षांनी निकालात काढायची, ही माझी सवय आहे. शिवाय या वेळी कारण होतं. भानुदासच्या मुलाला अंगणात खोल्या बांधायच्या होत्या. महिनाअखेरीस पाया खणणार, तोवर होडी हलवा, असा निरोप आला. विलास, म्हणजे माझा नवरा, भावासमोर बोलायला घाबरतो. म्हणून मीच वर जाऊन सांगितलं.

अण्णा म्हणाले, "विकू की. म्या कुटं न्हाय म्हनलो?"

एवढ्या लवकर ते 'हो' म्हणाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. होडी आम्हाला सगळ्यांना विकायची होती, अण्णांना नव्हती. ते हे कबूल करणार नव्हते, एवढंच.

त्यांनी एक अट घातली. घेणाऱ्याने आधी शुक्रवार पेठेत यायचं. माणूस पसंत पडला, तर होडी दाखवायची. म्हणजे मुलगी उजनीवर आणि कांदेपोहे आमच्याकडे. पोहे अर्थातच मी करायचे.

दुसरा आला तो लग्नाआधीचे फोटो काढणारा. नवरा-नवरीला होडीत उभं करून, गुलाबी धूर सोडून फोटो काढणार होता. अण्णांनी विचारलं, "नवरी पान्यात पडली तर?"

"काका, ते पण भारी दिसेल."

धागा तुटला.

तिसरा केळीचा बागायतदार. सभ्य माणूस, माळकरी, व्यसन नाही. मी मनात म्हटलं, जमलं. अण्णांनी घरात कोण कोण असतं ते विचारलं. तो म्हणाला, "मी आन् मंडळी. पोरं अमेरिकेला."

"मग होडीत बसनार कोन?"

"कोन कशाला? घरासमोर हिरवळीवर शोभा म्हनून ठिवायची."

अण्णा जिन्याकडे निघाले. मी पोह्यांची बशी माणसापुढे सरकवली. विलास आतल्या खोलीतून म्हणाला, "आपण होडी विकतोय का दत्तक देतोय?"

महिना संपायला सहा दिवस उरले तेव्हा सुरेखा आली. भानुदासच्याच गावची, तिशी-पस्तिशीची, पायात बूट. गावातल्या पाच बायकांचा तिचा बचत गट होता. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना त्या पाण्यावरून फिरवणार होत्या.

"पवता येतं?" अण्णांनी सुरुवात केली.

"पाचीजनींना येतं."

"दारू?"

"आमी न्हाय पित. माजा नवरा पितो. त्याला होडीत घेनार न्हाय."

"होडीत किती मानसं घेनार?"

"सहाची हाय तर पाच. वल्ही मारनारं बी मानूसच की."

अण्णांना तोडायला धागा सापडेना. ते पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत बसले. तेवढ्यात सुरेखाने विचारलं, "अण्णा, तुमी कितीदा बसला हिच्यात?"

अण्णा म्हणाले, "चहा टाक गं, मंगल."

ती गेल्यावर मी मोबाइलमधले जुने फोटो काढून बघितले. सहा सहली, दीडेकशे फोटो. अण्णा एकातही नाहीत. फोटो काढायला म्हणून ते काठावर थांबत असतील, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण सहाही वेळा, एकदाही न चुकता, ते काठावरच थांबले होते.

या वेळी धागा तुटला नाही. ताबा द्यायला अण्णा आणि मी दोघंच गेलो. विलासला रजा नव्हती. गाडी मी चालवते. अण्णा मागच्या सीटवर बसले, वाटभर बाहेर बघत. गावात पोचलो तर पाणी भानुदासच्या अंगणापासून हाकेवर होतं. सुरेखाने आणि आणखी एकीने होडी पाण्यात ढकलली. अण्णा पाण्यापासून चांगली दहा पावलं मागे उभे होते.

मी सरळच विचारलं, "अण्णा, तुम्ही होडीत कधीच बसला नाहीत ना?"

"न्हाय."

"पाण्याची भीती वाटते?"

"लई."

"मग घेतली कशाला?"

"तसं न्हवं ते," म्हणाले आणि गप्प झाले. मी थांबले. या वेळी ते पुढे बोलले. "घरात तुमी सगळी एका जागी कदी बसता? एक जेवतंय, एक आंघुळीला, एक मोबाइल घिऊन गच्चीवर. सनाला बी तसंच. होडीत उठून जाता येत न्हाय. तासभर समोरासमोर बसावं लागतंय. बोलावं लागतंय. म्या हितनं बघायचो. पान्यावरनं हसल्याला आवाज लई लांब येतो."

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. 

"चपला काढा," मी म्हणाले.

"कशाला?"

"बसायचंय. कागदावर सही अजून व्हायचीय. तोवर होडी आपली आहे."

सुरेखाने त्यांना लाइफ जॅकेट घातलं, पट्टे आवळले. अण्णांनी दोन्ही हातांनी बाक धरलं आणि डोळे गच्च मिटले. मी समोरच्या बाकावर बसले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण थोरल्या दिरासमोर अशी मी कधी बसले नव्हते. सासूबाईंची शिस्त होती. त्या गेल्या, शिस्त राहिली. अण्णांचा डबा मी दोन्ही वेळा वर नेऊन दाराशी ठेवायची आणि खाली यायची.

सुरेखा सावकाश वल्ही मारत होती. काठ बराच मागे पडल्यावर अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "मंगल, गुडघा कसा हाय तुझा?"

माझा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो. घरात मी कुणाला बोलले नव्हते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जिन्यावर आवाज येतो की. डाव्या पायाचा ठोका कमी पडतो. माग असा वाजला की वळखायचं, आतनं झिजलाय." मग म्हणाले, "डबा आनत जाऊ नको. म्या खाली यिऊन जेवत जाईन."

"मग आधीच यायचं होतं."

"कोन म्हनलं न्हाय."

ते खरं होतं. आम्हाला वाटायचं, त्यांना एकटं जेवायला आवडतं. त्यांना काय आवडतं हे विचारायला आम्ही कधी वर थांबलोच नव्हतो.

"रात्री नऊला जेवतो आम्ही," मी म्हणाले. "विलासलाही सांगते, मोबाइल बाजूला ठेवून बसायचं."

"भाकरी लागंल मला."

"करते."

सुरेखाने वल्ही थांबवली. "ताई, फिरवू का माघारी? अण्णा लई भ्यालेत."

अण्णांचे डोळे मिटलेलेच होते, हातांची बोटं बाकावर पांढरी पडली होती. त्यातला एक हात त्यांनी मोठ्या कष्टाने सोडवला आणि हवेत पुढे हलवला. आणखी पुढे.