चिंचमाळची एकूण लोकसंख्या

शिवाप्पा गुरुजींनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि ते नेमकं नगरपरिषदेचं होतं. 'आपण निवृत्त भूगोल शिक्षक असल्याने चिंचमाळ शहराचा भूगोल व लोकसंख्या पंधरा दिवसांत कळवावी.' गुरुजींनी चौतीस वर्षं मुलांना टुंड्रा प्रदेश शिकवला होता. चिंचमाळ शिकवायची वेळ कधी आली नव्हती. आपल्याला जमेल का, या शंकेत चौदा महिने गेले.

मग स्मरणपत्र आलं. 'सोमवारपर्यंत उत्तर टपालाने न पाठवल्यास लोकसंख्या निरंक समजून, त्या प्रमाणात नळयोजना मंजूर करण्यात येईल.' शेजारच्या अंबूबाई टँकरसाठी घागरी मांडून बसल्या होत्या. त्या घागरींकडे बघून गुरुजींनी टोपी घातली.

भूगोल सोपा निघाला. पूर्वेस, पश्चिमेस व उत्तरेस कोल्हापूर, दक्षिणेस महामार्ग. पाऊस कोल्हापूरइतकाच, पाणी नाही. लोकसंख्येसाठी मात्र छापील घोषणापत्रं जोडली होती : 'मी चिंचमाळचा/ची आहे.' खाली ज्याची त्याने सही करायची.

"अंबूबाई, सही करता का?"

"मी? मी मुरगूडची की, गुर्जी! हितं नुसती ऱ्हातो."

"किती वर्षं?"

"बावीस. पर गाव ते गाव. देव तिकडं, भावकी तिकडं."

विजयसिंहांच्या तीनमजली बंगल्यावर 'कोल्हापूर' अशी पितळी पाटी होती. ते हसले. "गुरुजी, चिंचमाळ म्हटलं की पोराला पोरगी देत न्हाईत. आमी शहरातलं. घरफाळा तेवढा हितला, कमी हाय म्हणून."

भाडेकरूंनी दारातूनच सांगितलं, "औंदा हाय. फुडचं कुणाला ठावं?" तीन दिवसांत गुरुजींना मुरगूडचे, कोडोलीचे, अगदी निपाणीचेही लोक भेटले. गर्दीतून वाट काढत ते हिंडले, पण चिंचमाळचा माणूस काही सापडेना.

शेवटी ते नगरपरिषदेत गेले. लिपिक सोमेश मान खाली घालून कागदाला टाचणी लावत होता.

"मतदार यादीत अकरा हजार नावं आहेत. ती चालतील?" गुरुजींनी चाचरत विचारलं.

"ती यादी मताला चालते, पाण्याला न्हाय. पाण्याला सहीच पाहिजे."

"मग तुम्ही तरी करा."

"मी कोल्हापुरातनं येतो की."

"नगराध्यक्ष?"

"सायेब बी तिकडंच. हितं पाणी कुठाय ऱ्हायला?"

गुरुजींना हा मुद्दा बिनतोड वाटला. आपलंच काही चुकत असावं, असं मनाशी म्हणत ते घरी आले.

सोमवारी सकाळी एकच घोषणापत्र त्यांच्यासमोर उरलं : त्यांचं स्वतःचं. एकतीस वर्षं ते इथं राहिले होते. इथंच पुस्तकं जमवली, इथंच बायको गेली. तरी पेन अर्धा तास हवेतच होतं. मग त्यांनी सही ठोकली आणि उत्तर लिहिलं : 'एकूण लोकसंख्या : एक.' पाकिटावर पत्ता घातला, मागं स्वतःचं नाव घातलं आणि ते नाक्यावरच्या टपालपेटीकडे निघाले.

अंबूबाई घागरींपाशीच होत्या. "धाडताय व्हय? किती पाणी यील?"

"माणशी पंचावन्न लिटर. एका माणसाचं."

"आणि आमी?"

"तुम्ही मुरगूडच्या ना?"

"आता पाण्याला कशाला गाव काढताय, गुर्जी!"

गुरुजींनी पाकीट पेटीच्या तोंडाशी धरलं आणि सोडलं. हातातून सुटताना ते पालथं झालं आणि त्यांना मागची बाजू दिसली. जन्मभराच्या सवयीनं, स्वच्छ, गोलसर अक्षरात तिथं लिहिलं होतं : 'प्रेषक : शिवाप्पा गुरुजी, मु. पो. शिरोळ.'

टँकर त्या दिवशीही आला नाही. हसू नका, पावणं. तुमचं गाव कुठलं? जिथं नळाची वाट बघता, ते सांगा.