पाचघरे सरांची खात्रीची चाचणी

पाचघरे सरांसमोर वाफाळता चहा ठेवला तरी ते त्याला चहा म्हणत नाहीत. कपात डोकावतात, हुंगतात आणि म्हणतात, "तपकिरी द्रव दिसून राहिला. बाकी पिल्यावर सांगतो." कँटीनवाला भैया आधी रडकुंडीला यायचा. आता तोच दारातून ओरडतो, "सर, आपका तपकिरी द्रव आ गया!"

रायपुरातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत आम्ही काम करतो. पोलिसांनी पकडलेल्या पुड्या, गोळ्या, नशेचे कागद आमच्याकडे येतात. ते नेमकं काय आहे, एवढं आम्ही सांगायचं. सर अमरावतीचे, मी यवतमाळची, त्यामुळे मराठीत भांडायला आम्ही दोघंच. वामन पाचघरे, वय पन्नाशीचं, लग्न नाही, डोक्यावर केस नाहीत, आणि तोंडात एकच वाक्य: "रंगावर जाऊ नको."

त्याचं असं आहे. पोलिसांच्या पेटीत रसायनाची बाटली असते. मालावर थेंब टाकला आणि रंग बदलला की शिपाई खूष. पण तो नुसता संशय, प्राथमिक चाचणी. खात्री मशीन करतं. ते रेणूचे तुकडे पाडतं, एकेकाचं वजन घेतं, तेव्हा कळतं की हे एलएसडी आहे की त्याचं कोणी चुलत भावंड. हे आम्हा सगळ्यांनाच माहीत आहे. पण आम्ही संध्याकाळी ते तिथंच ठेवून घरी जातो. सर सोबत घेऊन जातात.

गोल बाजारात मसालेवाला म्हणाला, "एकदम शुद्ध हळद, भैया." सर म्हणाले, "ये आप बोल रहे हो, हळदीने कुछ बोला नहीं." माझं लग्न ठरत होतं तेव्हा बाबांनी मोठ्या विश्वासानं सरांना मुलगा बघायला नेलं. परत आल्यावर सर म्हणाले, "प्राथमिक चाचणी ठीक आहे. खात्रीची लग्नानंतरच होते." माझ्या आईनं त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा पोहे दिले नाहीत.

कोर्टात मात्र हा माणूस ऐकावा. नशेचा माल बनवणारे हल्ली भारी हुशार. रेणूतला एक अणू इकडचा तिकडे करतात, की कायद्याच्या यादीत त्या नव्या मालाचं नाव सापडत नाही. म्हणून आम्हाला अगदी नेमकं सांगावं लागतं. एकदा एक वकील सरांवर चिडला. म्हणाला, "एक अणु का ही तो फ़र्क है, क्या बिगड़ता है?" सर शांतपणे म्हणाले, "वकील साहब, आपके और पड़ोसी के मकान नंबर में भी एक का ही फ़र्क है. शाम को किस घर में जाते हो?" न्यायाधीशांनी हसू लपवायला फाईल तोंडासमोर धरली.

असा हा संशयात्मा दर शनिवारी समता कॉलोनीत डॉक्टर कुंदा वैरागडेंच्या होमिओपॅथीच्या दवाखान्यात जायचा. कुंदाबाई नागपूरच्या, एकट्याच राहणाऱ्या. सरांचा आजार दर वेळी नवा. कधी डाव्या कानात वारा, कधी गुडघ्यात मुंग्या, एकदा तर स्वप्नात शिंका. बाई गंभीर चेहऱ्यानं ऐकायच्या आणि साखरेच्या गोळ्या द्यायच्या. मी चिडवायची, "सर, ह्या गोळ्या कधी मशीनवर लावल्या नाही तुम्ही?" तर म्हणायचे, "काम कर तुझं."

आणि मग ते झालं. भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात पोलिसांनी एक पार्सल धरलं. आत टपाल तिकिटाएवढे रंगीत कागद, एलएसडीत भिजवलेले असावेत असा संशय. त्याला चिकटूनच कुंदाबाईंचं पार्सल होतं. त्यात बारक्या गोळ्या आणि पुड्या बांधायचे पांढरे चौकोनी कागद. झालं! शिपायानं गोळीवर थेंब टाकला, गोळी काळी पडली. अहो, त्या बाटलीत तेजाब असतं, साखर काळी नाही पडणार तर काय गोरी होणार? पण ऐकतो कोण! दवाखान्याला सील लागलं. मोबाईलवर बातमी फिरली, "समता कॉलोनी में नशे का दवाखाना". रिपोर्ट वाईट आला तर बाई सरळ जेलमध्ये जाणार होत्या. आणि एलएसडीला ना रंग ना वास, कोणी त्या कागदांना लावून बाईंना अडकवलं असेल तर?

कॉलोनी मात्र निश्चिंत होती. पाचघरे आहेत ना! कुंदाबाईही सगळ्यांना तेच सांगत होत्या.

माल सरांच्या टेबलावर आला. त्यांनी पाकिटावरचं नाव वाचलं, हातमोजे काढले आणि तडक प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमकडे गेले. मी मागोमाग.

"ये केस मैं नहीं करूँगा."

"रिश्तेदार हैं आपकी?" मॅडमनी विचारलं.

"नहीं."

"तो फिर?"

सरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मैडम, मेरे को इसका रिज़ल्ट अच्छा ही चाहिए. जिसको पहले से चाहिए, उसने मशीन को हाथ नहीं लगाना."

मॅडमनी पेन खाली ठेवला. केस माझ्याकडे आली.

बाहेर आल्यावर मी भडकलेच. "काहून केलं सर असं? तुमच्याइतकं नीट कोण करणार?"

"तू करशील," ते म्हणाले. "तुले त्यांच्याशी काही घेणंदेणं नाही."

कॉलोनीत बोभाटा झाला, पाचघरेनं हात झटकले. सरांनी कोणाला एका शब्दानं कारण सांगितलं नाही. मी गोळ्या लावल्या, कागद लावले, पुन्हा लावले. साखर आणि कागद, बाकी काही नाही! नाचावंसं वाटलं मला. सीलबंद रिपोर्ट घेऊन निघाले, तर सर व्हरांड्यात उभे. मला बघताच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या पोट्ट्यासारखे. माझ्या चेहऱ्यावरूनही त्यांना निकाल वाचायचा नव्हता.

दवाखान्याचं सील काढलं त्या सकाळी मी सरांना ओढून नेलं. पायरीवर कुंदाबाई उभ्या होत्या.

"सगळ्यांना तुमचं नाव सांगत होते मी, वामनराव," त्या म्हणाल्या. "अन् तुम्हीच मागे सरलात."

सर बुटांकडे बघत राहिले. मग माझ्यानं राहवलं नाही. मॅडमच्या खोलीत ते जे बोलले होते, ते शब्दन् शब्द मी सांगून टाकलं. कुंदाबाई पायरी उतरून सरांसमोर आल्या.

"अन् निकाल वाईट आला असता तर?"

"तर जेलमध्ये रोज डबा आणला असता."

"तुम्हाला कुठं येतो स्वयंपाक?"

"शिकून राहिलो होतो," सर म्हणाले. "वरण जमलं. पोळी अजून गोल नाही येत."

"वाकडी चालली असती," कुंदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.