साहेब, जरा सरकता का

"साहेब, जरा सरकता का? मागं लई जणं थांबलेत."

गच्चीवर कपडे वाळत घालताना खालून हे ऐकू आलं. मला वाटलं, शेजारचे आप्पा फोनवर कुणा अधिकाऱ्याशी बोलताहेत. वाकून पाहिलं. आप्पा त्यांच्या ओट्यावर बसले होते, पुढे पाटावर माझी सहा वर्षांची भाची ओवी, आणि साहेब म्हणजे ओवीच्या केसांतला एक गुंता होता.

जिवंत माणसांना आप्पा सरसकट अरे-तुरे करतात. नगरसेवकालासुद्धा. अहो-जाहो फक्त गुंत्याला. "त्याला मान दिला की सुटतो," ते म्हणतात. "माणूस मान दिल्यावर जास्त अडतो."

गंजगोलाईच्या बाजारात त्यांचं सुतळी-दोरखंडाचं दुकान होतं. ते विकल्यापासून आप्पा गल्लीतल्या पोरींचे केस सोडवतात. पूर्वी म्हणे ओट्यावर रांग लागायची. मग पोरी मोठ्या झाल्या, आरशापुढे स्वतःच उभ्या राहू लागल्या. आता उरली फक्त ओवी, आणि तिला सोडायला येणारी मी. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसते. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मोठ्यांशी मराठीत बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, तोवर समोरचा उठून गेलेला असतो. आप्पांना उत्तर लागत नाही, म्हणून तिथे बरं वाटतं.

तळहातावर दोन थेंब खोबरेल. ओल्या बोटांनी एक बट वेगळी करायची, गुंत्याच्या वर ती मुठीत घट्ट धरायची, आणि जाड दातांचा लाकडी कंगवा खाली, अगदी शेंड्याकडून चालवायचा. "मूठ वर असली की ओढ मुळाला कळत न्हाई," ते सांगतात. आमच्या घरी वहिनी, म्हणजे ओवीची आई, कंगवा टाळूपासून खाली ओढतात. त्यांचा दोष नाही, त्यांना साडेआठची बस असते. पण ओवी अशी किंचाळते की दूधवाला गेटवरच थबकतो. त्याच ओवीला आप्पांच्या पाटावर झोप लागते. शेवग्याची सावली तिच्या पाठीवर हलत असते, कंगवा वाळक्या पानांवरून कुणी चालल्यासारखा वाजतो, आणि मी पुस्तकाचं एकच पान किती वेळ उघडं ठेवलंय ते मलाही कळत नाही.

शेंड्याकडून ही सवय मात्र केसांवर थांबलेली नाही. पेपर ते शेवटच्या पानापासून वाचतात. भाकरी कडेनं गोल गोल खात जातात, शेवटी ताटात मधला चंद्र उरतो. दादानं एकदा त्यांना नळ दुरुस्त करणाऱ्याचं घर विचारलं. "आतल्या खोलीत टीव्हीपुढं बसलेला असंल," आप्पा म्हणाले. "त्या खोलीच्या आधी सैपाकघर. त्याच्या आधी निळं गेट." गल्ली कोणती हे दादाला सगळ्यात शेवटी कळलं.

आणखी एक. केस सोडवून झाले की डाव्या कानामागचा एक छोटा गुंता ते हमखास ठेवतात. "हे साहेब उद्या." वहिनी म्हणतात, म्हाताऱ्याला आता दिसत नाही. पण गल्लीच्या टोकाला कुणाच्या पिशवीत मेथी आहे नि कुणाच्या चुका, हे आप्पा ओट्यावरून सांगतात. ओवीला घरी नेताना मी तो गुंता तसाच राहू देते.

मागच्या रविवारी वहिनींनी ठरवून टाकलं. शाळा सुरू व्हायच्या आधी ओवीचा बॉयकट. "मला दोनच हात आहेत," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. ओवीनं ओट्यावर गेल्या गेल्या आप्पांना बातमी दिली.

"हाव," आप्पा म्हणाले. "ऊन बी लई हाय."

मग त्यांनी तळहातावर खोबरेल घेतलं आणि कंगवा शेंड्याला लावला. ओवी पेंगायला लागल्यावर त्यांनी आपल्या मुलीची, शोभाची गोष्ट काढली. अर्थात शेवटाकडून.

"शोभी हैदराबादला असती. केस इथवर." त्यांनी कानाला बोट लावलं. "त्याच्या आधी किनवटला होस्टेलात. तिथं समद्या पोरींचे बारीकच."

इथपर्यंत मी पुष्कळदा ऐकलं होतं. गोष्ट नेहमी होस्टेलात थांबायची. त्या दिवशी कंगवा थांबला आणि गोष्ट पुढे गेली.

"त्याच्या आधी तिची माय गेली. मला काय येत न्हवतं. दिवसभर दुकानात सुतळीचे गुंते सोडायचो, पण पोरगी रडली की कंगवा खाली ठिवायचो. एक दिवशी न्हाव्याकडं नेलं तिला. येताना तिनं माझं बोट न्हाई धरलं."

त्यांनी ओवीची मान हळूच कलती केली. डाव्या कानामागची बट मुठीत धरली. साहेब म्हणाले नाहीत, सरका म्हणाले नाहीत. तो राखून ठेवलेला छोटा गुंता त्यांनी सोडवून टाकला. मग कंगवा पहिल्यांदाच टाळूवर ठेवला आणि शेंड्यापर्यंत आणला. तो कुठेही अडला नाही.

गेटवर स्कूटर वाजली. "झालं ना?" वहिनींनी हाक मारली. "चल ओवी, पार्लरवाली थांबलीय."

आप्पा कंगव्यातले केस काढून बोटाला गुंडाळत बसले. ओवी डोळे चोळत उठली. माझं वाक्य मनात जुळून तयार होतं. नेहमी ते तयार होईपर्यंत उशीर झालेला असतो. मी पुस्तक मिटलं आणि गेटपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"वहिनी, आज नका नेऊ तिला. कानामागं एक साहेब राहिलेत. उद्या मी आणते तिला इथं, आणि शाळा सुरू झाल्यावर रोज सकाळी."